रिपोर्टातला सेंटीमीटरचा आकडा: पोटातल्या एओर्टाचा फुगा आणि जांघेतून बसवायचा ग्राफ्ट

आमच्या काकांना काहीच होत नव्हतं. पोट दुखत नाही, पाठ दुखत नाही, गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात रोज सकाळी चालत जाऊन मासळी आणायचे. लघवीला जरा त्रास म्हणून सोनोग्राफी केली, प्रोस्टेट थोडी वाढलेली निघाली ती राहिली बाजूला आणि रिपोर्टाच्या खालच्या ओळीत लिहून आलं की पोटातल्या एओर्टाला एन्युरिझम आहे, ५.८ सेंटीमीटर. काका म्हणाले, "म्हाका कांयच जायना रे, कित्याक भियेतात?" (मला काहीच होत नाही रे, कशाला घाबरता?) मी कपाटातली जुन्या कागदांची पिशवी काढली, त्यात चार वर्षांमागे मुतखड्यासाठी केलेली सोनोग्राफी मिळाली आणि तिच्यातही हाच शब्द होता, ४.१ सेंटीमीटर. म्हणजे चार वर्षं हा कागद आमच्याच घरात पडून होता. तेव्हा खडा पडून गेला, दुखायचं थांबलं, मग पुढची ओळ कोण वाचतो.

हे सगळं लिहायचं कारण तेवढंच. ऑपरेशन झालं, काका बरे आहेत, पण त्या दोन-तीन महिन्यांत जे जे विचारत, वाचत, धावपळ करत कळलं ते कोणीतरी आधी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे तरी माहीत असू दे.

आधी हे काय असतं ते बघू. एओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, छातीतून खाली पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, एकेका पायाकडे एकेक. पोटातली एओर्टा साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ३ सेंटीमीटर किंवा जास्त झाली की तिला एन्युरिझम म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी रबर झिजून फुगा येतो ना, तसंच, आणि फुगा जेवढा मोठा तेवढा भिंतीवरचा ताण जास्त, म्हणून तो आपणहून लहान होत नाही, वाढतच जातो, कोणाचा हळू कोणाचा जलद. सगळ्यात मोठं कारण विडी-सिगारेट, मग वय, पुरुष असणं, ब्लडप्रेशर, आणि घरात कोणाला असणं. काकांनी तीस वर्षं सिगारेट ओढली आणि दहा वर्षांपूर्वी सोडली, तरी रिस्क पूर्ण जात नाही.

पहिलं काम: आकडा शोधा आणि लिहून ठेवा

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांच्या पोटाच्या जुन्या सगळ्या सोनोग्राफी आणि सीटी रिपोर्ट काढा आणि त्यात एओर्टाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. "फुगलेली", "डायलेटेड", "एक्टॅटिक", "एन्युरिझम" यातलं काही दिसलं तर शेजारचा आकडा आणि तारीख एका कागदावर उतरवून घ्या. आकडा कधी मिलिमीटरमध्ये असतो, ४१ मिलिमीटर म्हणजे ४.१ सेंटीमीटर, यात गडबड करू नका.

आता आकड्याचा अर्थ. ३ ते ३.९ असेल तर साधारण तीन वर्षांनी परत सोनोग्राफी, ४ ते ४.९ असेल तर दर वर्षी, ५ ते ५.४ असेल तर दर सहा महिन्यांनी. पुरुषांना ५.५ आणि बायकांना ५ च्या आसपास पोचलं की दुरुस्तीचा विचार सुरू होतो, कारण बायकांचा फुगा लहान असतानाच फुटायची शक्यता जास्त असते. आकडा कमी असूनही सहा महिन्यांत अर्धा सेंटीमीटर किंवा वर्षात एक सेंटीमीटर वाढला तर वाट बघत नाहीत. आणि फुग्यामुळे पोट किंवा पाठ दुखायला लागली तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी हॉस्पिटल.

लहान असतानाच का काढून टाकत नाहीत हा प्रश्न आमच्या घरी सगळ्यांनी विचारला. याच्यावर ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले, १९९८ आणि २००२ मध्ये त्यांचे निकाल आले, आणि दोन्हीत हेच दिसलं की ५.५ च्या आतल्या फुग्याचं लवकर ऑपरेशन केलेल्यांचं आयुष्य नुसती नजर ठेवलेल्यांपेक्षा काही वाढलं नाही. म्हणजे ४.२ आहे आणि कोणी घाईने ऑपरेशनला बसवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. उलट ५.८ ला "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणणारे नातेवाईक पण भेटतील, त्यांचंही ऐकू नका.

एक छोटी गोष्ट, सोनोग्राफीला उपाशीपोटी जा, पोटात गॅस असला की एओर्टा नीट दिसत नाही. आणि सोनोग्राफी आणि सीटीच्या मापात काही मिलिमीटरचा फरक येतोच, त्यामुळे ५.२ चं ५.४ झालं म्हणून रात्रभर जागू नका, शक्यतो त्याच पद्धतीने परत मोजून घ्या.

वाट बघायच्या काळात

सिगारेट, विडी बंद, यात तडजोड नाही, कारण ओढत राहिलं की फुगा जलद वाढतो. ब्लडप्रेशर ताब्यात पाहिजे, आमच्याकडे पावसाळ्यात खारी मासळी आणि लोणच्यावरच जेवण चालतं, ते कमी करावं लागलं, काकूंना हे फार जड गेलं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बहुतेकांना देतात ती हृदय आणि बाकी रक्तवाहिन्यांसाठी, फुगा लहान करणारं औषध अजून निघालेलं नाही, कोणी काढा विकत असेल तर पैसे वाचवा. चालणं चालू ठेवा.

आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय की एन्युरिझम असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर या देऊ नयेत, फुगा चिरायचा किंवा फुटायचा धोका वाढू शकतो. आपल्याकडे जुलाब लागले, लघवीला जळजळ झाली की फार्मसीत जाऊन ह्याच गोळ्या घेतात. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की आधी सांगा की एओर्टाला एन्युरिझम आहे.

सीटी अँजिओ, म्हणजे शिंप्याचं माप

आकडा ५.५ च्या वर गेला की सीटी अँजिओग्राफी करतात. हातातल्या शिरेतून डाय, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या ठळक दाखवणारं औषध, देऊन छातीपासून जांघेपर्यंत बारीक बारीक चकत्यांचे फोटो घेतात. आम्हाला वाटलं परत एकदा साईज बघायची असेल, पण त्यासाठी नाही, ग्राफ्ट, म्हणजे फुग्याच्या आतून बसवायची कापडी नळी, बसतो की नाही ते ह्याच्यावर ठरतं. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या जिथून निघतात त्याच्या खाली आणि फुग्याच्या वर जो चांगल्या एओर्टाचा तुकडा उरतो त्याला डॉक्टर मान म्हणतात. ही मान निदान १० ते १५ मिलिमीटर लांब पाहिजे, फार वाकडी नको, फार रुंद नको, आतून कॅल्शियम किंवा गुठळीने भरलेली नको, कारण ग्राफ्टचं वरचं तोंड तिथेच घट्ट धरणार आहे. खाली पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पण पुरेशा रुंद पाहिजेत, नाहीतर सामान वर जाणार कुठून. ग्राफ्ट मानेच्या मापापेक्षा १० ते २० टक्के मोठा घेतात, म्हणजे तो स्प्रिंगसारखा भिंतीला दाबून बसतो.

डायमुळे किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल आणि किडनी कमजोर असेल तर ती थोडे दिवस बंद ठेवायला सांगू शकतात, आपल्या मनाने बंद किंवा चालू करू नका. सीटीची सीडी स्वतःजवळ ठेवा, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. दुसरं मत घ्यायला गेलात तर पहिली मागणी सीडीचीच होते, आमची एक फेरी त्याच्यामुळे फुकट गेली.

कोणाकडे जायचं, खर्चाचं काय

व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन. हृदयाच्या डॉक्टरांकडे फिटनेससाठी जावंच लागतं, इको आणि ईसीजी होतोच, काही ठिकाणी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन मिळून करतात, पण टीममध्ये गरज पडली तर पोट उघडून दुरुस्त करू शकणारा माणूस असायलाच हवा. हे थेट विचारा: तुम्ही अशा किती केसेस केल्या? आत काही बिघडलं तर ओपन ऑपरेशनची तयारी त्याच ठिकाणी आहे का? माझ्या माणसाची मान किती मिलिमीटर आहे? कुठल्या कंपनीचा ग्राफ्ट आणि का? पुढची तपासणी कोण करणार? चांगले डॉक्टर ह्या प्रश्नांना चिडत नाहीत, आमचे तर कागदावर चित्र काढून बसले.

गोव्यात पहिली पायरी म्हणजे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, रिपोर्ट दाखवून घ्या, पुढचं तिथून ठरवता येतं. खर्चातला मोठा वाटा हॉस्पिटलचा नसतो, ग्राफ्टचाच असतो, आणि तो काही लाखांच्या घरात जातो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांचं कव्हर आहे. ॲडमिट व्हायच्या आधी योजनेच्या काउंटरवर जाऊन विचारा की ही प्रोसिजर यादीत आहे का, ग्राफ्टचे पैसे त्यात धरलेत का, वरचे आपल्याला किती भरावे लागतील. सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे, गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी, तिचे कागद आधी करावे लागतात, नंतर धावून उपयोग नाही. चोर्ला घाट चढून बेळगावला किंवा लांब मुंबईला करायचं ठरलं तरी एक विचार आधीच करा, पुढची कित्येक वर्षं तपासणीला जायचंय, ते कुठे करणार.

ओपन की जांघेतून?

ओपन ऑपरेशन जुनं आहे, पॅरिसमध्ये १९५१ साली शार्ल द्युबोस्त यांनी फुगा काढून त्या जागी मृत माणसाची रक्तवाहिनी जोडली, पुढे कापडी नळ्या आल्या. त्याआधी नीट उपायच नव्हता, आइनस्टाइनचा फुगा १९४८ मध्ये सेलोफेनने गुंडाळला होता, १९५५ मध्ये तो फुटूनच ते गेले. पोट न उघडता आतून नळी बसवायची कल्पना दोघांनी वेगवेगळी खरी करून दाखवली, खारकिवच्या निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या एओर्टात, आणि ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या. ह्या पद्धतीला डॉक्टर इव्हार म्हणतात.

ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या ३० दिवसांत ओपन केलेल्यांत ४.७ टक्के आणि इव्हार केलेल्यांत १.७ टक्के माणसं दगावली. हा फरक मोठा आहे. पण त्याच लोकांना पुढे पंधरा वर्षं बघितलं तेव्हा तो फायदा टिकला नाही, आणि आठ वर्षांनंतर तर इव्हारवाल्यांत फुगा मागाहून फुटून जाणारे जास्त निघाले. म्हणून साठीचा धडधाकट माणूस असेल आणि मान चांगली नसेल तर ओपन चांगलं असू शकतं, काकांसारखे ७४ वर्षांचे, हृदय जरा कमजोर, मान सुदैवाने २२ मिलिमीटर, त्यांना इव्हारच बरं. बारीक भोकांतून होतं म्हणून ते सोपं असं मनात धरून निवडू नका. मान अगदीच आखूड असेल तर किडनीच्या रक्तवाहिन्यांसाठी खिडक्या ठेवलेले ग्राफ्ट असतात, ते मापाने बनवून मागवावे लागतात आणि महाग पडतात. छातीतल्या एओर्टासाठी वेगळे ग्राफ्ट आहेत, तिथे पाठीच्या कण्याचा रक्तपुरवठा कमी होऊन पाय लुळे पडायची भीती असते, ते वेगळं प्रकरण आहे, डॉक्टरांशी वेगळं बोला.

त्या दिवशी आत काय होतं

आदल्या रात्रीपासून उपाशी. रक्त पातळ करायच्या गोळ्या कुठल्या बंद आणि कुठल्या चालू ते आधीच लिहून घ्या. भूल पूर्ण, कमरेतली किंवा नुसती जागेवरची, तिन्ही प्रकारे करतात, काकांना कमरेत दिली, ते मधूनमधून बोलत होते.

दोन्ही जांघेतल्या रक्तवाहिन्यांत सुईने भोक करून तारा वर सरकवतात, कधी छोटा छेद घेतात. एक्सरेच्या स्क्रीनवर बघत एका बाजूने ग्राफ्टचं मुख्य अंग वर नेतात, ते घडी घालून बारीक नळीत भरलेलं असतं. कापडाची नळी, पॉलिएस्टर किंवा पीटीएफई, आणि त्याला आधार देणारी धातूची जाळी, बहुतेक वेळा निटिनॉल ह्या मिश्रधातूची. डाय मारून किडनीच्या रक्तवाहिन्या कुठे आहेत ते नेमकं बघतात आणि त्यांच्या जरा खाली ग्राफ्टचं तोंड उघडतात. इथे काही मिलिमीटर वर गेलं तर किडनी झाकली जाते, खाली राहिलं तर पकड अपुरी. मुख्य अंगाचा आकार अर्ध्या चड्डीसारखा असतो, एक पाय पूर्ण आणि दुसरा अर्धवट. त्या अर्ध्या पायाच्या तोंडात दुसऱ्या जांघेतून तार घालायची असते आणि आमचे डॉक्टर म्हणाले की सगळ्यात जास्त वेळ कधी कधी तिथेच जातो. तार गेली की दुसरा पाय जोडतात, मग ग्राफ्टच्या आत छोटा बलून फुगवून, दाबून सांधे बसवतात, शेवटी परत डाय मारून बघतात की रक्त नळीतूनच जातंय, बाहेर झिरपत नाही. जांघेतली भोकं आतल्या टाक्यांनी बंद. सगळं मिळून साधारण दोन-तीन तास, काकांना अडीच लागले. जुना फुगा काढत नाहीत, तो तिथेच राहतो, फक्त त्याच्यावरचा रक्ताचा दाब जातो.

बाहेर बसलेल्यांसाठी: तिसरा तास लागला म्हणून घाबरू नका.

वॉर्ड आणि घर

पहिले काही तास सरळ झोपून राहायचं, पाय वाकवायचा नाही. नर्स सारख्या येऊन पायाची नाडी बघतात ते महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी उठवतात, दोन-तीन दिवसांत घरी. पहिल्या काही दिवसांत ताप येऊ शकतो, अंग दुखतं, जेवण जात नाही, शरीर नव्या ग्राफ्टला असं उत्तर देतं, पण ताप राहिला किंवा जखम लाल झाली तर फोन करायचाच. काकांना दोन दिवस पेजेशिवाय काही नको होतं. जांघेपासून मांडीपर्यंत काळंनिळं पडतं, ते हळूहळू उतरतं, पण गाठ वाढत असेल किंवा रक्त येत असेल तर तिथे हाताने घट्ट दाबून धरा आणि हॉस्पिटल गाठा.

काही आठवडे जड उचलणं बंद, गॅसचा सिलिंडर, नारळांची गोण, चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला वर चढणं, सगळं. स्कूटर डॉक्टर सांगतील तेव्हाच. संडासला जोर लावू नका. चालताना ढुंगणात किंवा मांडीत पेटका येत असेल तर सांगा, आतली एक फांदी झाकली गेली की तसं होतं आणि बऱ्याचदा कमी होत जातं. पण एक पाय एकदम थंड पडला, पांढरा झाला, पोटरीत असह्य दुखायला लागलं तर ग्राफ्टच्या एका पायात गुठळी झाली असू शकते, तासाभराची वाट पण बघू नका.

आणि आता ते काम जे लोक सोडून देतात

इव्हारनंतर रक्त परत फुग्यात शिरू शकतं, त्याला एंडोलीक म्हणतात. वरच्या किंवा खालच्या तोंडातून शिरलं तर पहिला प्रकार, ग्राफ्टचे सांधे सुटले किंवा कापड फाटलं तर तिसरा, ह्या दोन्हींची दुरुस्ती लागतेच कारण फुग्यावर पूर्ण दाब परत येतो. दुसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, छोट्या फांद्यांतून रक्त उलटं येतं, फुगा वाढत नसेल तर बहुतेक वेळा नुसतं बघत राहतात. हे सगळं होताना माणसाला काहीच जाणवत नाही, पहिल्यांदा जसं जाणवलं नव्हतं तसंच.

म्हणून साधारण महिन्याने सीटी, मग वर्षाने, सगळं ठीक असेल तर पुढे दर वर्षी डॉपलर सोनोग्राफी, आणि हे आयुष्यभर. काकांच्या पहिल्या महिन्याच्या सीटीत दुसऱ्या प्रकारचा लीक दिसला, घरी परत सगळे हवालदिल, वर्षाने बघितलं तर बंद झालेला आणि फुगा ५.८ चा ५.३ झालेला. डिस्चार्जच्या वेळी ग्राफ्टचं कार्ड देतात, कंपनी, माप, तारीख असलेलं, ते पाकिटात ठेवा, फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, एमआरआय करायची वेळ आली तर पहिलं तेच दाखवायचं.

फुटल्याची लक्षणं पण घरात सगळ्यांना माहीत पाहिजेत, ऑपरेशन झालेलं असो वा नसो: एकदम पोटात किंवा पाठीत फाडल्यासारखं दुखणं, कधी ते कमरेतून जांघेकडे जातं आणि अगदी मुतखड्यासारखंच वाटतं, घाम, चक्कर, रंग उडणं. साठीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच मुतखड्यासारखं दुखलं तर आधी एओर्टा बघा म्हणून सांगा. १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, एओर्टाला एन्युरिझम आहे, इतक्या सेंटीमीटरचा. हा आकडा आमच्या घरी फ्रिजवर चिकटवलेला आहे.

शेवटचं, भाऊ, बहिणी आणि मुलं. घरात एकाला असेल तर जवळच्या रक्ताच्या नात्यात शक्यता वाढते. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी सरकारच एकदा सोनोग्राफीला बोलावतं, आपल्याकडे आपणच जायचं, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. माझ्या बाबांना नेलं, ते ७० चे, कधी सिगारेट नाही. ३.२ निघाला. तीन वर्षांनंतरची तारीख काकांच्या कागदाखाली फ्रिजवरच लिहिली आहे, आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी आता कपाटात नाही, माझ्या टेबलावर असते.